गनाडोचं हबेल ट्रेडिंग पोस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिनिक्सला राहायला आल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांचा राबता आहे. ग्रँड कॅन्यन सगळ्यांनाच बघायचं असतं, मॉन्युमेंट व्हॅली बऱ्याच जणांना. वाटेत एक दिवस काढून ॲरिझोनातल्या नवाहो मुलखातल्या गनाडो गावचं हबेल ट्रेडिंग पोस्ट बघा असं मी म्हटलं, की समोरून प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. दरवेळी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

ट्रेडिंग पोस्ट म्हणजे काय? किल्ला का?

नाही, दुकान. पण नुसतं दुकान म्हटलं तरी पुरत नाही. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द आहे वखार. फक्त सुरतेच्या वखारीसारखी तोफा आणि कंपनी सरकार इथे नव्हतं. एकच व्यापारी, त्याचं कुटुंब, हाताखाली दोन-चार माणसं आणि सरकारी परवाना, एवढ्यावर कारभार चाले. नवाहो लोक, म्हणजे या मुलखातले मूळ रहिवासी, लोकर, मेंढ्या, कातडी, विणलेली कांबळी आणि चांदीचे दागिने आणत. त्या बदल्यात पीठ, साखर, कॉफी, डब्यातले पीच आणि टोमॅटो, मखमलीचं कापड, कुऱ्हाड, खोगीर असं सामान घेऊन जात. पत्र वाचून घ्यायचं असो, सरकारी कागद समजून घ्यायचा असो, की मयताची व्यवस्था करायची असो, लोक तिथेच येत. आपल्या खेड्यातलं वाण्याचं दुकान, पोस्ट, सावकाराची पेढी आणि चावडी एकाच छपराखाली आणली तर जे होईल ते ट्रेडिंग पोस्ट.

एवढ्या लांब जाऊन तिथे बघायचं काय?

आत शिरल्या शिरल्या पायाखालची लाकडी जमीन कुरकुरते. हा झाला ‘बुलपेन’. तीन बाजूंना छातीपर्यंत उंच, रुंद लाकडी फळ्या, म्हणजे दुकानाचा काउंटर, मध्ये मोकळी जागा आणि तिथे शेगडी. फळ्या इतक्या उंच असण्याला कारण आहे. दुकानदार पलीकडे थोडा वर उभा राही, म्हणजे माल राखायलाही सोपं आणि भावाचं बोलणं करतानाही त्याचीच बाजू वरचढ. गिऱ्हाईक मध्ये शेगडीपाशी टेकायचं, कॉफी घ्यायचं आणि तासन् तास थांबायचं. इथे कोणी घाई करत नसे. एक वस्तू घ्यायची, हिशेब करायचा, गप्पा मारायच्या, मग दुसरी वस्तू.

पलीकडच्या खोल्यांत गालिचे आणि दागिने आहेत, मागे मालाची खोली. बाहेर कोठार, गाड्या, बाग, आणि कुंपणात चुरो जातीच्या मेंढ्या. शेजारी हबेल कुटुंबाचं राहतं घर. तिथे छताच्या तुळयांमध्ये विणलेल्या टोपल्या उपड्या ठोकल्या आहेत, ओळीने, एकाशेजारी एक. घर बघायला मिळतं ते उद्यान खात्याच्या रेंजरबरोबरच, म्हणून त्या दिवशी फेरी आहे का ते गेल्या गेल्या विचारा. फक्त दुकान बघून परत आलेल्यांनी निम्मंच बघितलं, असं माझं मत.

हा हबेल कोण?

जॉन लोरेंझो हबेल. 1853 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या पाहारितो गावी जन्म. वडील कनेक्टिकटहून आलेले, आई तिथल्या स्पॅनिश घराण्यातली, त्यामुळे स्पॅनिश त्याची घरचीच भाषा. नवाहोही तो शिकला. 1878 मध्ये त्याने हे दुकान घेतलं तेव्हा तो पंचविशीत होता. हळूहळू हबेल आणि त्याच्या मुलांनी आसपास सुमारे दोन डझन दुकानं चालवली. मालाच्या घोडागाड्या शेजारच्या न्यू मेक्सिकोतल्या गॅलपच्या रेल्वे स्टेशनवरून येत, वाटेत दोन-चार दिवस जात. हबेल अपाची काउंटीचा शेरीफ झाला, विधिमंडळात गेला, 1914 मध्ये अमेरिकन सिनेटची निवडणूक लढवून हरला. त्याच्या घरी चित्रकार, शास्त्रज्ञ, लेखक पडलेले असत, आणि पाहुण्याकडून पैसे घ्यायचे नाहीत हा शिरस्ता. थिओडोर रूझवेल्टही 1913 मध्ये इथे येऊन गेले.

नवाहोंनी त्याला ठेवलेली नावं मात्र साधी, दिसेल तशी: ‘म्हातारा मेक्सिकन’ आणि ‘चष्मेवाला’. 1930 मध्ये तो गेला. दुकानामागच्या टेकडीवर त्याला पुरलं, बायकोजवळ आणि मेनी हॉर्सेस या नवाहो मित्राजवळ. मेनी हॉर्सेस हा गनाडो मुचोचा मुलगा. गनाडो मुचो म्हणजे 1868 च्या तहावर सही करणारा पुढारी. या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘पुष्कळ गुरं असलेला’, आणि त्याच्यावरूनच हबेलने गावाला गनाडो हे नाव दिलं. नवाहो भाषेतलं गावाचं नाव वेगळं आहे, रुंद पसरलेल्या लव्हाळ्यांवरून पडलेलं.

नवाहो लोकांकडे मेंढ्या होत्या, मका होता. त्यांना दुकान लागलंच कशाला?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

1863-64 मध्ये किट कार्सनच्या हाताखालच्या अमेरिकन फौजेने नवाहोंची शेतं जाळली, पीचच्या बागा तोडल्या, मेंढ्या मारल्या. उपासमारीने शरण आलेल्या हजारो माणसांना न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेडोंडो इथे चालवत नेलं, साधारण 500 किलोमीटर. यालाच ‘लाँग वॉक’ म्हणतात. वाटेत आणि छावणीत किती माणसं गेली, ते आजही घराघरात सांगतात. तिथलं पाणी खारं, पिकाला कीड, शिधा अपुरा. शिध्यात मिळे पांढरं पीठ, कॉफी, साखर, डुकराची चरबी. 1 जून 1868 ला तह झाला आणि लोक आपल्या मुलखात परतले. असं परत येणं अमेरिकेतल्या फार थोड्या जमातींच्या नशिबी आलं.

परतले तेव्हा कळप संपलेले होते. सरकारने दुसऱ्या वर्षी सुमारे 15 हजार शेळ्यामेंढ्या वाटल्या आणि त्यातून कळप पुन्हा वाढले. पण चार वर्षांत पीठ-कॉफीची सवय लागली होती, आणि ते आणून देणारा माणूस म्हणजे व्यापारी. तेव्हा बुलपेनच्या फडताळातली पिठाची पोती बघताना ही छावणी आठवा. पुढे जेवणाच्या प्रश्नात फ्राय ब्रेड येणार आहे, त्याचाही उगम लोक त्याच शिध्यात सांगतात.

मग हबेल भला माणूस होता की सावकार?

दोन्ही. माझ्या वडिलांनी हा प्रश्न तिथेच दुकानात विचारला होता आणि परतीच्या वाटेवर चेंबर्स गावापर्यंत आमचा वाद चालला.

एक बाजू अशी. वसंतात लोकर कापणी, शरदात कोकरांची विक्री. मधले महिने उधारीवर. व्यापारी खातेवहीत लिहून ठेवी आणि हंगामात वळतं करून घेई. लोकरीचा भाव तोच ठरवी आणि पिठाचाही तोच. काही काळ दुकानाची स्वतःची पत्र्याची नाणी होती, ती फक्त त्याच दुकानात चालत. जवळपास दुसरं दुकान नाही, तिथे गिऱ्हाईक जाणार कुठे? आपल्याकडे कापूस निघायच्या आधीच सावकाराच्या वहीत जमा असायचा, त्याच जातीचा हा व्यवहार.

दुसरी बाजू गहाणाची. नीलमणी जडवलेला चांदीचा हार, पट्टा, बांगड्या तारण ठेवून लोक सामान नेत. कागदावरची मुदत संपली तरी शहाणा व्यापारी वस्तू विकत नसे, कारण विकली तर गिऱ्हाईक कायमचं तुटणार. एखादा विधी असला की मालक येऊन तेवढ्यापुरता हार घेऊन जाई आणि नंतर आणून ठेवी. लग्नापुरत्या सोडवलेल्या पाटल्या आपल्याला नव्या नाहीत. शिवाय दुकानाची खोली घरापेक्षा सुरक्षित, म्हणून गरज नसतानाही दागिना गहाण ठेवणारे होते.

पण सगळेच व्यापारी असे नव्हते. 1970 च्या दशकात केंद्र सरकारने ट्रेडिंग पोस्टच्या कारभाराची चौकशी केली तेव्हा गहाण, व्याज आणि उधारी यांतल्या लबाड्या बाहेर आल्या. नियम कडक झाले आणि गहाणाचा धंदा नवाहो नेशनच्या, म्हणजे नवाहोंच्या स्वशासित प्रदेशाच्या, हद्दीबाहेर, गॅलपसारख्या गावात गेला. तोवर पिकअप ट्रक आले होते, तासाभरात गॅलपचा बाजार गाठता येत होता. बहुतेक पोस्टं बंद पडली, काहींचे पेट्रोल पंप झाले. गनाडोचं टिकलं कारण हबेलच्या सुनेने, डोरोथीने, ते 1967 मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्याला विकलं, आणि अट हीच की दुकान चालू राहावं.

‘गनाडो रेड’ गालिचा म्हणजे काय?

गडद लाल जमीन, मध्ये पायरीपायरीच्या कडांचा मोठा शंकरपाळा, आजूबाजूला करडा, काळा, पांढरा, आणि सगळ्याला काळी किनार. लाल रंग झाडपाल्याचा नाही, विकतचा आहे, आणि तो पहिल्यापासून तसाच आहे. ‘नैसर्गिक रंग नाही म्हणजे अस्सल नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मुळात नवाहो बायका गालिचे विणतच नसत, अंगावर घ्यायची कांबळी विणत. गिरणीत विणलेली पेंडल्टनची ब्लँकेटं स्वस्तात मिळायला लागली तशी हातची कांबळी मागे पडली. मग व्यापाऱ्यांनी पूर्वेकडच्या शहरांतल्या लोकांना जमिनीवर अंथरायला तेच विणकाम विकायला सुरुवात केली, म्हणून वीण जाड झाली. एक काळ तर हा माल चक्क वजनावर विकत घेतला जाई. हबेल त्याच्या विरोधात होता. सुती ताणा नको, भडक रंग नकोत, चांगलं विणाल तर चांगला भाव देईन, असा त्याचा हट्ट. एलब्रिज बर्बँक वगैरे चित्रकारांकडून त्याने जुन्या नक्षींची छोटी चित्रं काढून घेतली आणि भिंतीवर टांगली. बाई आली की चित्राकडे बोट करायचं: असा आण. ती चित्रं आजही गालिच्यांच्या खोलीत आहेत. नक्षी कोणाची, विणणारीची की विकणाऱ्याची, या वादाची सुरुवात त्या भिंतीवर आहे. मला विचाराल तर हात आणि डोळा बाईचा, बाजारपेठ हबेलची.

माग उभा असतो. धोटा नाही, पायाने दाबायच्या पट्ट्या नाहीत. बाई मागासमोर बसते, बाण्याचा धागा बोटांनी ओवते आणि लाकडी फणीने ठोकून बसवते. कागदावर आराखडा नसतो. सोलापूर-कोल्हापूरकडच्या सणगरांचा खड्डामाग आणि घोंगडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे बघताना वेगळीच मजा येईल: लोकर तशीच राठ, तशीच मेंढीच्या मूळ रंगाची काळी-करडी, पण तंत्र पार निराळं. चुरो मेंढीच्या लोकरीत चरबी कमी असते, त्यामुळे ती फारशी न धुताही कातता येते. पाण्याची टंचाई असलेल्या मुलखात याची किंमत कळते. 1930 च्या दशकात चराई वाचवण्याच्या नावाखाली सरकारने कळप सक्तीने कमी केले, त्यात ही जात जवळजवळ संपली होती. कुंपणातल्या त्या चार-दोन मेंढ्यांना म्हणून जरा मानाने बघा.

खरा नवाहो गालिचा ओळखायचा कसा?

टोकाला झालर असेल तर शंका घ्या. नवाहो मागावर ताण्याचा धागा अखंड वरखाली फिरतो, कापावा लागत नाही, म्हणून चारही कडा बंद असतात आणि कोपऱ्यांवर फक्त छोटे गोंडे येतात. जवळून पाहिलं तर विणीत तिरक्या बारीक रेषा दिसतात. बाई रुंद गालिच्याचा एकेक भाग विणत पुढे सरकते, त्याच्या त्या खुणा. काही गालिच्यांत आतल्या भागापासून किनारीतून बाहेर जाणारी एक बारीक रेघ असते. ती चूक नाही, विणणारीचं मन नक्षीत अडकून पडू नये म्हणून ठेवलेली वाट आहे.

आणि एक गंमत, थोडी लाजिरवाणी: बाजारात मिळणाऱ्या नकली ‘नवाहो’ सतरंज्यांत भारतात विणलेल्याही असतात. हमरस्त्यावरच्या दुकानात ‘इंडियन मेड’ ऐकलं की कुठल्या इंडियनने केलं ते विचारा. 1990 च्या कायद्याने अमेरिकेतल्या आदिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे. हबेलमध्ये गालिच्याच्या चिठ्ठीवर विणणारीचं नाव असतं.

घासाघीस चालते का?

पोस्टमध्ये चिठ्ठीवरचा भाव हाच भाव. रस्त्याकडेला टेबल मांडून बसलेल्या बायकांकडे नम्रपणे विचारायला हरकत नाही, पण क्रॉफर्ड मार्केटची सवय जरा आवरा. मध्यम गालिच्यामागे काही महिन्यांचं काम असतं. किंमत हजारो डॉलरमध्ये ऐकून ‘बापरे’ म्हणायचंच असेल तर बाहेर येऊन म्हणा.

घड्याळाचा काय घोळ आहे म्हणे?

आहे, आणि मी त्यात अडकले आहे. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नवाहो नेशन करतं. नवाहो नेशनच्या पोटात होपी लोकांचा प्रदेश आहे, तो करत नाही. म्हणजे मार्च ते नोव्हेंबर फिनिक्समध्ये दहा वाजले असतील तेव्हा गनाडोत अकरा. ट्यूबा सिटीकडून 264 क्रमांकाच्या रस्त्याने आलात तर वाटेत होपी लागतं, आणि मोबाइल एकदा मागे जाऊन पुन्हा पुढे येतो. आम्ही फिनिक्सच्या वेळेने आरामात पोचलो आणि घराची शेवटची फेरी नुकतीच निघून गेलेली. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि गनाडोची वेळ लावून ठेवा.

जायचं कसं?

गाडीनेच. आय-40 महामार्गावर चेंबर्सला उतरून 191 क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेकडे साधारण 60 किलोमीटर, मग 264 वर थोडं पश्चिमेला. गॅलप किंवा विंडो रॉककडून 264 सरळ येतो. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून कॅमेरॉन, ट्यूबा सिटी आणि होपी गावं करत आलात तर चार तास धरा. हा रस्ता सगळ्यात सुंदर, आणि कॅमेरॉनला 1916 पासूनचं आणखी एक ट्रेडिंग पोस्ट आहे, आता तिथे हॉटेल आणि उपाहारगृह मोठं झालंय. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. रस्त्यावर गाई, घोडे, मेंढ्या येतात, अंधार पडल्यावर गाडी हाकू नका.

तिकीट किती?

आवारात आणि दुकानात जायला काहीच नाही. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघण्याआधी उद्यान खात्याच्या संकेतस्थळावर बघा.

त्यांना ‘रेड इंडियन’ म्हणायचं ना?

नाही! तो शब्द शाळेच्या पुस्तकातच राहू द्या. नवाहो म्हणा. ते स्वतःला दिने म्हणतात, अर्थ ‘लोक’, ‘माणसं’. भेटल्यावर ‘याआतेह’ म्हटलं की चेहरा खुलतो, निघताना ‘अहेहे’ म्हणजे आभार. ‘आम्ही इंडियन’ असं सांगितलंत तर ‘आम्हीही’ हे उत्तर येणार. हा विनोद त्यांनी हजारदा केलेला असतो, तरी हसा.

ओळख करून देताना ते आधी आईचं कुळ सांगतात, मग वडिलांचं. कुळ आईकडून चालतं, मेंढ्या आणि माग बायकांचे. तुमची आजी कुठली, कुळ कोणतं, असं कुणी विचारलं तर दचकू नका. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात हेच विचारतात.

फोटो काढले तर चालतील?

इमारतींचे खुशाल. माणसांचे विचारल्याशिवाय नाही, विणणारीचे तर अजिबात नाही. होगान, म्हणजे पूर्वेला दार असलेलं त्यांचं पारंपरिक घर, दिसलं म्हणून आत डोकावू नका, तिथे कोणी राहत असतं. हस्तांदोलन हलकं करतात, जोरात हात दाबणं उद्धटपणाचं. बोलताना मध्ये शांतता पडली तर ती भरून काढायची घाई करू नका. हे आपल्या लोकांना सगळ्यात अवघड जातं.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गंभीरपणे सांगते आहे. या भागात जेवण म्हणजे मटण, मग ते रश्शातलं असो की भाजलेलं. खाणाऱ्यांनी जरूर खावं, आपल्या धनगरी रश्श्याचं मसाल्याविना भावंड वाटतं. न खाणाऱ्यांना फ्राय ब्रेड मिळतो, भटुऱ्याच्या जवळचा. पण तळण कशात केलंय आणि सोबतच्या घेवड्यात मांस आहे का हे विचारून घ्या. पोस्टच्या आवारात मोठ्या कॉटनवूड झाडांखाली बाकं आहेत, डबा तिथे उघडावा.

गाडीत बिअर आहे, चालेल ना?

नाही. नवाहो नेशनमध्ये दारूबंदी आहे.

आईवडील सत्तरीचे आहेत, जमेल का?

हो, चालणं थोडंच आहे. गाव साधारण 1900 मीटर उंचीवर असल्यामुळे पहिल्या दिवशी दम लागतो, सावकाश घ्या. थंडीत बर्फ पडतं, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वळीव कोसळतो. मुलांना ज्युनियर रेंजरची वही द्या, तासभर गप्प बसतात.

त्याच दिवशी आणखी काय करता येईल?

उत्तरेला तासभरावर चिनली आणि कॅन्यन द शे. तिथे तळातून सरळ वर आलेला स्पायडर रॉक आहे, सुमारे 240 मीटर. नवाहोंना विणायला शिकवणारी कोळी-आजी त्याच्या माथ्यावर राहते, असं मानतात. गालिचे बघून मग हा सुळका बघावा, क्रम उलटा करू नये. दरीत उतरायला नवाहो वाटाड्या घ्यावा लागतो. मुक्कामाला चिनली, विंडो रॉक किंवा गॅलप. पोस्टमध्ये राहण्याची सोय नाही.

गालिचा परवडत नाही. आठवण म्हणून काय आणावं?

ब्लू बर्ड पीठ. नवाहो भागातल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, कापडी पिशवीत, वर निळा पक्षी छापलेला. या पिशव्यांचे तिकडच्या बायका झगे आणि अभ्रे शिवतात. माझ्या आईने एक पिशवी पुण्याला नेली आणि धुऊन तिच्यात भाजणी ठेवते. पिठाच्या साध्या पोळ्या वातड झाल्या, पुरणपोळी मात्र झकास.